खाकी कागदाची परीक्षा

आमच्या घरात खोबरेलाचं नाव घ्यावं लागत नसे. नुसतं ‘लाव’ म्हटलं की पुरे. गुडघा फुटला, लाव. झोप येत नाही, टाळूला लाव. दाराची बिजागरी कुरकुरते, तिलाही लाव. मालवणपासून दोन-तीन मैलांवर आमचं घर, घराभोवती वडिलांचे तीसेक माड, आणि त्यांचंच खोबरं वाळवून, घाण्यावर नेऊन काढलेलं तेल वर्षभर स्वयंपाकघरातल्या बरणीत. त्यामुळे माझ्या गालावर पहिला मुरूम उगवला तेव्हा आईने काय केलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

“खोबरेलान जां बरां होना नाय, तां डॉक्टरानय बरां होवचां नाय,” ती म्हणाली आणि माझं थोबाड तिने निरांजनाच्या वातीसारखं भिजवलं. दुसऱ्या दिवशी दोन मुरूम. आईने तेल दुप्पट केलं. आठवड्याभरात पाच. मग दिवसाला तीन वेळा तेल. आमच्याकडचा हिशेब सरळ होता: बरं होत नाही याचा अर्थ तेल कमी पडतंय.

हे ऐंशीच्या दशकातलं, मी अठरा वर्षांची असतानाचं. बारावी झाली होती, आठवड्यातून तीन दिवस एसटीने मालवणात टायपिंगच्या क्लासला जात होते, आणि उरलेले दिवस मैत्रिणीबरोबर हसण्यात जात होते. आम्ही कशालाही हसायचो. कंडक्टर शिंकला तरी हसायचो. हे मुरूमही आम्ही हसण्यावारीच नेले असते. पण त्या वर्षी रामनवमीच्या नाटकात मला राजकन्येचं काम मिळालं, आणि सगळं बिनसलं.

आमच्या देवळासमोर दर रामनवमीला गावातली माणसं नाटक करत. बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यातही नायिका म्हणजे गेली वीस वर्षं एकच माणूस: एसटीच्या थांब्याजवळ ज्यांचं शिलाईचं दुकान होतं ते. आम्ही सगळी पोरं त्यांना टेलरमामा म्हणत असू. दिवसा गळ्यात टेप टाकून पोरांच्या खाकी चड्ड्या बेतणारा हा माणूस रामनवमीला नऊवारी नेसून रंगमंचावर आला की खऱ्या बायका आपापले पदर नीट करायच्या. त्यांचा चेहरा पंचेचाळिशीतही गुळगुळीत होता. एक वण नाही, एक डाग नाही. मला त्याचा रागच यायचा. शिलाई मशीनवर वाकलेल्या पुरुषाला असली कातडी हवीय कशाला?

त्या वर्षी नाटक बसवणाऱ्या गुरुजींनी नाटकमंडळात ठरवलं की दिवस बदललेत, मुलीचं काम आता मुलीनेच करायचं. आवाज मोठा म्हणून माझी निवड झाली. टेलरमामांनी त्या बैठकीत ‘बरां आसा’ एवढंच म्हटलं आणि विडीला काडी लावली, असं वडील सांगत होते. मी त्या दिवशी घरभर नाचले. मला ते काम इतकं हवं होतं की रात्री उशीत तोंड खुपसून मी राजकन्येची वाक्यं म्हणायची. ही तेल प्यालेली उशी पुढे कथेत येणार आहे.

माघात रंगाची चाचणी झाली. आमच्याकडे रंगायची रीत जुनी: करवंटीत सफेदा घ्यायचा, त्यात खोबरेल घालून बोटाने घोटायचा आणि तोंडभर फासायचा. तेलामुळे रंग घट्ट बसतो, घामाने ओघळत नाही. माझ्या तोंडावर आधीच आईचं तेल, त्यावर हा तेलातला सफेदा. तीन तास तो तसाच ठेवला. दोन दिवसांनी मी आरशात पाहिलं आणि किंचाळले. कपाळ, गाल, हनुवटी, एक जागा मोकळी नव्हती. मैत्रीण मला पाहून म्हणाली, “फणस,” आणि आम्ही दोघी विहिरीच्या कठड्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. मग मी रडले. मग ती रडली. मग पुन्हा हसलो.

गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी शाळेतल्या भाषेत सांगितलं, “हे बघ बाळ, रंग तोंडाला सोसला पाहिजे. शिमग्यापर्यंत चेहरा सुधारला तर ठीक. नाहीतर आपली जुनी नायिका आहेच.”

शिमग्याला पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी क्लासला जाताना एसटीची वाट बघत मी आणि मैत्रीण थांब्यावर उभ्या होतो. टेलरमामांनी दुकानातून हाक मारली. “गो चेडवा, हडे बघ.”

मी तोंडावर ओढणी घेऊनच गेले. त्यांनी ती टेपच्या टोकाने बाजूला केली आणि कापडाचा पोत बघावा तसं माझं तोंड निरखलं.

“तोंडाक काय लावतंस?”

“खोबरेल.”

“दिसाक किती येळा?”

“तीन.”

“मगे तोंडार माड रुजलो नाय तांच नशीब,” ते म्हणाले. माझ्या मैत्रिणीने तोंडात ओढणी कोंबली.

मग त्यांनी एकेक बोट मोडत सांगितलं. तोंडाला तेल बंद. केसांना लावायचं असेल तर सकाळी लावून दुपारी धुवायचं, कारण कपाळावरचे मुरूम केसांतल्या तेलाचे. उशीला रोज नवा फडका. दोनदा मुगाच्या पिठाने तोंड धुवायचं, घासायचं नाही. “तोंडाक बारीक बारीक भोकां आसत. दिसनत नाय, पण आसत. ती तेलान बुजली की आतलो मळ खंयसून भायर येतलो? मगे तो पुळी होवन येता.” एवढं बोलून त्यांनी कपाटातून बेतायचा खाकी कागद काढला, कात्रीने त्याचे तळहाताएवढे तुकडे केले आणि माझ्या हातात दिले. “दुकानातलां कायय लावच्या आदी ह्या कागदार घास. सुकांदी. मगे उजेडात धर. कागदार तेलाचो डाग ऱ्हवलो, तर तां तोंडाक लावचां नाय.”

एसटीत बसल्यावर मैत्रिणीने माझ्या कानात सांगितलं, “तो तुका फसयता.”

“कित्याक?”

“तुझां तोंड बिघाडलां तर काम कोणाक मेळतलां?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि आल्यावर जाईना. खरंच की. वीस वर्षं नायिका असलेला माणूस आपलं काम काल आलेल्या पोरीला उगाच कसं देईल? आणि तेल लावू नको, हा काय सल्ला झाला? पाणी पिऊ नको म्हणण्यासारखंच ते. मी ते कागद पर्सच्या तळाशी टाकले आणि घरी जाऊन चारपट तेल लावलं. मुंबईहून आलेल्या चुलतबहिणीने एक कोल्ड क्रीम दिली होती, घट्ट, पांढरी, गुलाबाच्या वासाची. तीही तेलावर थापली. मुंबईचं ते चांगलंच असणार. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीने कोकमाचं आगळ, म्हणजे तो आंबट-खारट रस, लावायचा शोध लावला. त्याने तोंड असं काही झोंबलं की मी अंगणात गोल गोल पळाले, आणि आमचं कुत्रं काहीतरी खेळ आहे असं समजून माझ्यामागून पळालं.

आठवड्याने माझ्या डोळ्याखालीही मुरूम आले. आता फणस म्हणायलाही कोणी धजेना. आरशासमोर उभं राहून मी स्वतःला विचारलं: टेलरमामा फसवत असतील तर यापेक्षा वाईट काय होणार आहे? आणि त्यांची ती कातडी काही फसवून आलेली नाही. मी पर्स उलटी केली आणि कागद शोधले.

त्या शनिवारी मालवणच्या बाजारात आम्ही दोघींनी जे केलं त्यामुळे तिथला एक दुकानदार आमची लग्नं झाल्यावरही आम्हाला ओळखत होता. स्टेशनरी, कंगवे, पावडरी आणि क्रीम मिळणारं ते दुकान. आम्ही आत गेलो आणि सांगितलं, सगळ्या डब्या उघडून दाखवा. त्याने कौतुकाने दाखवल्या. मग मैत्रिणीने पर्समधून खाकी तुकडे काढून काउंटरवर ओळीने मांडले आणि मी प्रत्येक डबीत नखाचं टोक बुडवून एकेका कागदावर घासायला सुरुवात केली.

“ह्यां काय चललां?” दुकानदार म्हणाला. “घेवचां आसा तर घ्या, नायतर वाटेक लागा.”

“परीक्षा चालू आहे,” मैत्रिणीने गंभीर तोंडाने शुद्ध मराठीत सांगितलं. ती घाबरली की शुद्ध बोलायची.

कागद सुकायला वेळ लागतो. तेवढ्यात गिऱ्हाइकं जमली. पहिला कागद मी दारातल्या उन्हात धरला. त्यातून ऊन आरपार दिसत होतं, एवढा डाग. नापास. दुसरा, नापास. घरून आणलेली ती गुलाबाच्या वासाची मुंबईची क्रीम तर अशी नापास झाली की कागदातून समोरच्या सायकलच्या दुकानाची पाटी वाचता आली. चौथ्या कागदाला दुकानदाराचाच जीव राहीना. “हेचीय करा,” म्हणून त्याने वरच्या फळीवरची धुळकट बाटली काढून दिली. एका माणसाने ‘माझी बायको हीच लावते’ म्हणत एका डबीची बाजू घेतली आणि तिचाही डाग पडल्यावर तो खरोखर खट्टू झाला. शेवटी एक मासेवाली पाटी घेऊन आली, काय चाललंय ते तिने विचारून घेतलं, आणि पाटीतला बांगडा उचलून आमच्या शेवटच्या कागदावर दाबला. “हेचोय डाग पडता गो,” तिने निकाल दिला. “बांगडो तोंडाक लाव नको.” दुकानात एवढा हशा झाला की शेजारचा घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच बाहेर आला.

आठांपैकी आठही नापास. मी रडकुंडीला आले. तेव्हा दुकानदारच म्हणाला, पलीकडे औषधाच्या दुकानात बघा, कांजिण्यांना लावतात ते गुलाबी औषध असतं, त्यात तेल नसतं. एक खाकी तुकडा माझ्या पर्सच्या शिवणीत अडकून राहिला होता. औषधवाल्याने बाटली हलवून एक थेंब त्यावर टाकला. तो सुकला आणि नुसती गुलाबी भुकटी राहिली. फुंकर मारली, उडाली. उन्हात धरला, काही नाही. पास. मी ती बाटली छातीशी धरून एसटीत बसले आणि घरी पोचेपर्यंत बोलले नाही, असं मैत्रीण म्हणते. मला ते खरं वाटत नाही.

घरी खरी लढाई पुढेच होती. तोंडाला तेल बंद, असं मी सांगितल्यावर आईच्या हातातलं वाटण हातातच राहिलं.

“माडान तुका वाढयला, आणि आता माड नको?”

तिला खरंच लागलं होतं. तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी मुगाच्या पिठाने तोंड धुऊन, गुलाबी औषध फासून घरात वावरायची, आणि ती मला बघून देवघराकडे बघायची. त्यात भर म्हणजे पलीकडच्या घरातल्या काकींनी मला कुंपणावरून गुलाबी तोंडाने पाहिलं, आणि दुपारपर्यंत गावभर झालं की आमच्याकडे कांजिण्या आल्यात. चार दिवस आमच्या घरी काळं कुत्रं फिरकलं नाही. दूधवाला तांब्या फाटकातच ठेवून पळायचा. काकींनी मात्र माणुसकी म्हणून कडुलिंबाचा भाराभर पाला कुंपणावरून आत टाकला. आईला पहिल्यांदा हसू फुटलं ते तेव्हा. पाल्याच्या ढिगाशेजारी बसून ती पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतः जात्यावर माझ्यासाठी मूग दळले. वस्त्रगाळ.

टेलरमामांनी थांब्यावरच्या पोराकरवी एक पुडकं पाठवलं होतं. आत मांजरपाटाचे सात चौकोन, कडा दुमडून शिवलेले, उशीवर रोज एक घालायला. तरी मैत्रिणीला संशय होता. तिने एक चौकोन हुंगून बघितला.

तिसऱ्या आठवड्यात कपाळ मोकळं झालं. चौथ्यात गाल. मी दिवसातून दहा वेळा आरशात बघायची आणि दहा वेळा मैत्रिणीकडे पळायची. शिमग्याच्या आधी दोन दिवस मंडळातली तीन म्हातारी माणसं देवळाच्या आवारात, भर उन्हात, माझं तोंड बघायला बसली. बैल घेताना दात बघतात तसं त्यांनी बघितलं. तोंड ठीक आहे असं त्यांचं मत पडलं. पण एकाने शंका काढली: रंग लावल्यावर पुन्हा तेच होणार. सफेदा तेलाशिवाय बसत नाही. हे खरं होतं. एवढं सगळं करून शेवटी ते तेल तोंडाला लागणारच होतं.

“तेची काळजी माझ्यार सोडा,” कोपऱ्यातून टेलरमामा म्हणाले. त्यांनी हनुवटीभोवती आणि गालांवरून पंचा घट्ट गुंडाळला होता. दाढ दुखते म्हणाले. मंडळाने माझं काम कायम केलं. मी देवळाला एक प्रदक्षिणा चालत घातली आणि बाकीच्या धावत.

त्यानंतरच्या तालमींना ते आले की पंचा असायचाच. दाढ काढून का टाकत नाही, असं गुरुजींनी विचारलं तर म्हणाले, रामनवमी होवंदी. कडक उन्हाळा, आणि हा माणूस तोंडाला फडकं बांधून मशीनवर वाकलेला. पोरं त्यांना ‘दाढवाले मामा’ म्हणू लागली. मीही हसले असेन. नक्कीच हसले असेन. त्या दिवसांत मी कशाला हसले नाही?

रामनवमीला दुपारी चार वाजता देवळामागच्या पडवीत रंगायला बसले. बाहेर मांडव घातलेला, बाया आतापासून चटया टाकून जागा धरत होत्या. टेलरमामा करवंटी घेऊन आले. करवंटीत सफेदा होता, पण तो तेलासारखा चमकत नव्हता, भिजवलेल्या खडूसारखा दिसत होता. त्यांनी एक बोट खाकी कागदाच्या तुकड्यावर घासलं, फुंकर मारून सुकवलं आणि उन्हात धरून मला दाखवलं. डाग नाही.

“गुलाबपाण्यात घोटलंय,” ते म्हणाले. “चिकटाक दोन थेंब ग्लिसरीन. जास्त झाला तर ऱ्हवना नाय, कमी झाला तर भेगा पडतत. बऱ्याच येळा करून बघितलंय.”

रंग लावायला त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते, आणि पंचा सारखा घसरून मध्ये येत होता. शेवटी वैतागून त्यांनी तो सोडला आणि खांद्यावर टाकला. ते माझ्यासमोर एक वीत अंतरावर वाकले, आणि मी पाहिलं. हनुवटीवर तीन, डाव्या गालावर सहा-सात, जबड्याच्या कडेने एक लाल रांग. काही सुकलेले, काही ताजे. वीस वर्षं एक वण न पडलेलं ते तोंड.

“मामा, ह्यां काय?”

“काय नाय गो. ह्या वयात माका तारुण्य इला.”

मी हसले. मग माझं हसू अर्ध्यावरच थांबलं, कारण मला समजलं. बऱ्याच वेळा करून बघितलंय. कशावर करून बघितलं असेल? एरंडेल, तूप, व्हॅसलिन, मेण (यादी मला मागाहून कळली), सगळं त्यांनी सफेद्यात घोटून आपल्या तोंडाला लावून, रात्रभर ठेवून, सकाळी बघितलं होतं, माझ्या तोंडाला काय सोसेल ते कळावं म्हणून. ज्या कामासाठी त्यांनी हे केलं ते वीस वर्षं त्यांचं होतं आणि मी ते त्यांच्याकडून घेतलं होतं. आणि आम्ही दोघी एसटीत बसून त्यांना फसवा म्हणालो होतो. मला इतकी लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की डोळे भरले.

त्यांनी पटकन माझी हनुवटी वर धरली. “रडा नको. ह्यो पाण्यातलो रंग आसा, तेलातलो न्हय. एक थेंब पडलो तर सगळां तोंड व्हावान जातलां.”

“तिसऱ्या प्रवेशात रडाचांच आसा,” मी म्हटलं.

“डोळ्यान रडतत ती नवीन माणसां. वीस वर्सां मी ह्यां काम केलंय, डोळ्यातसून एक थेंब काढूक नाय. खांद्यान रडाचां. मागे बसलेल्या माणसाक खांदेच दिसतत.” ते माझ्यामागे गेले, त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि एकदा हलकेच हलवून दाखवले. “असां. आता रड बघया.”

बाहेर पेटीवाल्याने सूर धरला होता. मी डोळे ताणून उघडे ठेवले, पापणी मिटली नाही, आणि त्यांच्या हातांखाली खांद्यांनी रडले.